ह्याची आई कोण?

सप्टेंबर १९८३ ची गोष्ट. विनोबांना जाऊन अजून वर्ष झालं नव्हतं. शाळेत विनोबा जयंतीच्या निमित्तानं वक्तृत्व स्पर्धा झाली आणि मला दुसरा नंबर मिळाला. स्पर्धक तिघेच होते, हे मी घरी सांगितलं नाही. बक्षीस म्हणून गीताईची एक छोटी प्रत मिळाली होती, तळहातात मावेल एवढी. ती खिशात घालून मी डोलवीला घरी आलो तेव्हा आई चुलीपुढे तांदळाच्या भाकऱ्या थापत होती.

आईला वाचता येत नव्हतं. तिनं पुस्तकाचं नाव विचारलं. मी म्हटलं, "गीताई." आमच्या घरात आईला आम्ही आईच म्हणायचो, त्यामुळे त्या शब्दातला तिला कळला तो शेवटचाच भाग.

"कोणाची आई?"

मी समजावून सांगितलं. हिंदूंचा गीता नावाचा मोठा ग्रंथ आहे, तो संस्कृतात आहे, विनोबांच्या आईला संस्कृत येत नव्हतं, म्हणून त्यांनी तो मराठीत केला. हे वाक्य माझ्या पाठ केलेल्या भाषणात होतंच. आईनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं आणि विचारलं, "आणि ह्याची आई कोण? नाव काय तिचं?"

चार पानांच्या भाषणात नाव नव्हतं. विनोबांचं जन्मसाल होतं, गांधीजींची भेट होती, भूदान होतं. आईचा उल्लेख 'माता' एवढाच. मी गप्प बसलो. आईही पुढे काही बोलली नाही, तिनं भाकरी उलटली.

तिचं नाव रुक्मिणी होतं, हे मला पुढे कितीतरी वर्षांनी वाचनात आलं. तोवर मी बी.ए. झालो होतो, नोकरीला लागलो होतो, कविता छापून येऊ लागल्या होत्या. आज रेडिओवर बोलायचं आमंत्रण आलं आणि विषय निवडायची मोकळीक मिळाली, तेव्हा म्हटलं, त्या चुलीपुढच्या प्रश्नाचं उत्तर आता तरी नीट देऊ.

डोलवी आणि गागोदे, दोन्ही पेण तालुक्यातली गावं. पण एक खाडीच्या अंगाला आणि दुसरं डोंगराच्या. आमचा खारेपाट. बांध घालून समुद्राकडून मागून घेतलेली जमीन, तिच्यात पिकणारं भात, तळ्यातला जिताडा, आणि चारी बाजूंना पाणी असून प्यायच्या पाण्याची बोंब. उधाणाला बांधाला खांड पडली की खारं पाणी शेतात शिरायचं आणि पुढची काही वर्षं त्या शेतातून फारशी आशा नसायची. १९९० च्या दशकात इथं पोलादाचा कारखाना आला आणि डोलवी हे नाव बाहेरच्या लोकांना कळू लागलं. माझ्या लहानपणी 'डोलवी म्हणजे वडखळच्या पुढे' असं सांगावं लागे. गागोद्याला मात्र लोक मुद्दाम जातात, कारण तिथं ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबांचा जन्म झाला. तेव्हा हा कुलाबा जिल्हा होता. अंतुले मुख्यमंत्री असताना, १९८१ साली, त्याचं रायगड झालं.

रुक्मिणीबाई या घरात सून म्हणून आल्या. त्यांचं माहेर कर्नाटकातलं, भाषा कानडी. भावे मंडळी मूळची वाईची. सासरे शंभुराव मोठे व्रतस्थ गृहस्थ. नवरा नरहरराव, शिस्तीचा आणि शास्त्राची आवड असलेला, कापड रंगवायच्या रसायनांचा त्यांना नाद. नोकरी बडोद्याला. म्हणजे कानडी मुलगी कोकणातल्या डोंगराकडच्या खेड्यात आली, तिथला संसार मराठीत केला, आणि मग मुलं लहान असतानाच गुजरातीभाषक शहरात बिऱ्हाड हलवलं. शाळेचं शिक्षण फारसं नाही. मुलगा पुढे अनेक भाषा शिकला याचं सगळ्यांना कौतुक. आईनं पोळपाट-लाटणं हातात असताना किती भाषा पेलल्या, याचं कौतुक मला जास्त वाटतं.

तिच्याबद्दल आपल्याला जे कळतं ते बहुतेक विनोबांच्या सांगण्यातून. प्रवचनांत, पदयात्रेत, आश्रमातल्या बोलण्यात ते आईकडे पुन्हा पुन्हा येत. कालिंदीताईंनी त्यांच्याच शब्दांतून जुळवलेलं 'अहिंसा की तलाश' हे आत्मकथन वाचताना माझ्या लक्षात आलं, की या माणसानं आईच्या थोरवीपेक्षा आईची कामं जास्त लक्षात ठेवलीत. म्हणून मला त्या आठवणींवर विश्वास ठेवावासा वाटतो.

उदाहरणार्थ, शेजारधर्म. शेजारची बाई गावाला गेली किंवा आजारी पडली, की रुक्मिणीबाई त्या घरचा स्वयंपाक करायला जात. पण आधी आपल्या घरचा उरकून मग. विन्यानं, म्हणजे लहान विनोबांनी, एकदा आईला पकडलं, की तू स्वार्थी आहेस, आधी आपलं करतेस आणि मग त्यांचं. तिनं सांगितलं, अरे वेड्या, त्यांचं आधी केलं तर त्यांना जेवायच्या वेळेला गार अन्न मिळेल. बस, एवढंच. स्वयंपाकघरात आयुष्य काढलेल्या बाईलाच हे सुचू शकतं. ज्यानं कधी चूल पेटवली नाही तो 'आधी दुसऱ्याचं' असं म्हणेल आणि शेजाऱ्याला गार भात वाढेल.

दुसरी आठवण घरी राहणाऱ्या विद्यार्थ्याची. त्यांच्या घरी एखादा गरीब मुलगा जेवायला-राहायला असे. उरलंसुरलं शिळं रुक्मिणीबाई स्वतः खात, जास्त असलं तर विन्याला वाढत, पण त्या मुलाला कधी नाही. त्याला ताजं आणि गरम. विन्यानं विचारलं, तू समभाव शिकवतेस आणि स्वतः भेद करतेस? आई म्हणाली, करते खरी. तुझ्यात मला मुलगा दिसतो, त्याच्यात देव दिसतो. तुझ्यातही देव दिसायला लागला की भेद संपेल. या उत्तरातली कबुली मला फार आवडते. संतांच्या चरित्रातल्या आया सहसा आपली चूक कबूल करत नाहीत, त्यांच्या चुका नसतातच.

गागोद्याला फणसाची झाडं होती. फणस उतरला की घरात आधी कोणी तोंडाला लावायचा नाही. द्रोण भरायचे, मुलांनी ते घरोघर पोचवायचे आणि मग उरलेलं खायचं. पुढे १९५१ साली तेलंगणात पोचमपल्लीला भूदान सुरू झालं, आणि विनोबा गावोगाव फिरून जमीन मागू लागले. त्या मागण्यामागे गीता, गांधी, अर्थशास्त्र सगळं होतं. पण स्वतः विनोबा वाटून खाण्याचा हा धडा आईच्या खात्यावर मांडत. फणसाचे द्रोण घेऊन शेजाऱ्यांच्या दारात उभं राहिलेल्या मुलाला देणं म्हणजे काय ते पुस्तकाआधी कळलेलं होतं, एवढं तर खरंच.

आणि दही. रात्री विरजण लावताना रुक्मिणीबाई देवाचं नाव घेत. विन्यानं विचारलं, दूध कोमट आहे, विरजण आहे, मग देवाची काय गरज? ती म्हणाली, आपल्याकडून करायचं ते सगळं नीट करायचं, पण लागतं ते त्याच्या कृपेनं. हे वाचलं आणि मी पुस्तक मिटून बसलो. आमची आई विरजण लावताना 'बिस्मिल्ला' म्हणायची, झाकण ठेवायची आणि वर एक फडकं टाकायची. तिला मी असा प्रश्न कधी विचारला नाही. विचारला असता तर तिनं काय उत्तर दिलं असतं कोणास ठाऊक. बहुधा "जा, झोप" म्हणाली असती.

तांदळाची गोष्टही सांगायला हवी, आपण भाताच्या मुलखातले. रुक्मिणीबाईंनी देवाला लाख तांदूळ वाहायचा संकल्प केला. रोज दाणे मोजून वाहायच्या. नरहरराव हिशेबी माणूस. ते म्हणाले, असे मोजत काय बसतेस, एक तोळा तांदूळ मोज, त्यावरून लाखाला किती तोळे ते काढ, आणि वर अर्धा तोळा जास्त टाक म्हणजे कमी पडायला नको. त्यांना उत्तर सुचेना. संध्याकाळी त्यांनी विन्याला विचारलं. विन्या म्हणाला, हा हिशेब नाही, प्रत्येक दाण्याबरोबर देवाची आठवण होते म्हणून मोजायचं. आईला ते पटलं आणि तिनं नवऱ्याला तसं सांगितलं.

या गोष्टीचा शेवट लोक नेहमी मुलाच्या हुशारीवर करतात. मला त्यात दुसरंच दिसतं. दिवसभर सगळ्यांचं करून झाल्यावर त्या बाईला दाणे मोजायचा जो थोडा वेळ मिळत होता तो तिचा एकटीचा होता. वजन करून दोन मिनिटांत काम उरकलं असतं तर तिचा तो वेळ गेला असता. हा अर्थ माझा, विनोबांचा नव्हे.

इथं मला माझ्या थोरल्या बहिणीला आणावं लागेल. आपा माझ्याहून चार वर्षांनी मोठी. सातवीनंतर तिची शाळा सुटली, कारण आईच्या जोडीला पाण्याला कोणीतरी हवं होतं. उन्हाळ्यात पहाटे निघायचं, विहिरीवर नंबर लावायचा, झरा भरायची वाट पाहायची. आईच्या डोक्यावर दोन हंडे आणि कमरेवर एक, आपाकडे कळशी. मी झोपलेला असायचो. पुढे मी आईवर एक कविता लिहिली, पहाटे जात्यावर गाणाऱ्या आईची. ती बऱ्यापैकी गाजली, संमेलनात लोकांनी पुन्हा म्हणायला लावली. आपाला मोठ्या हौसेनं वाचून दाखवली. ती म्हणाली, "आपल्याकडे पीठ गिरणीतनं यायचं. जातं दाराशी पालथं पडलेलं असायचं. त्याच्यावर बसून तू दात घासायचास."

मी म्हटलं, अगं कविता आहे ती. आपा म्हणाली, "मग पाण्याची कर ना. पाणी खरं होतं."

पाण्याची कविता मला अजून जमलेली नाही. पण तेव्हापासून आईच्या आठवणी लिहिणाऱ्या मुलांकडे मी जरा संशयानं पाहतो, स्वतःकडे सर्वांत जास्त. आम्हा भावांना आईच्या हाताची चव आठवते. तिच्या बरोबरीनं राबलेल्या बहिणीला हात आठवतात.

म्हणून विनोबांच्या आठवणींतली एक जागा मला फार मोलाची वाटते. तरुणपणी विनोबांना वैराग्याचा ध्यास लागला होता. गादी सोडली, पायात काही घालणं सोडलं, हे नको ते नको चाललं होतं. आई सगळं बघत होती. एकदा ती म्हणाली, की विन्या, तू वैराग्याची नाटकं पुष्कळ करतोस, पण मी पुरुष असते तर खरं वैराग्य काय असतं ते तुला दाखवलं असतं. विनोबांनी हे लपवलं नाही, पुढे लोकांना स्वतःहून सांगितलं. हा त्यांचा मोठेपणा. पण वाक्य तिचं आहे. मुलाला घर सोडता येतं, कारण मागे घर सांभाळायला कोणी आहे. तिला कोणाच्या भरवशावर सोडून जाता आलं असतं? हे बोलताना तिच्या हातात कुठलं काम होतं ते विनोबांनी सांगितलेलं नाही. काही ना काही असणारच.

१९१६ साली मुलानं घर सोडलंच. त्याआधी एकदा ती चुलीपाशी असताना विनोबांनी आपली प्रमाणपत्रं गुंडाळून जाळात घातली. तिनं विचारलं, काय करतोस? पुढे लागली तर? लागणार नाहीत, असं उत्तर आलं. २५ मार्च १९१६ ला इंटरच्या परीक्षेसाठी म्हणून ते मुंबईच्या गाडीत बसले, सुरतेला उतरले आणि काशीला गेले. जूनमध्ये गांधीजींची भेट झाली. पुढे बाळकोबा आणि शिवाजी हे धाकटे भाऊही त्याच वाटेनं गेले. तिघेही आजन्म ब्रह्मचारी. बाळकोबांनी उरळीकांचनच्या निसर्गोपचार आश्रमात आयुष्य घातलं, शिवाजीराव धुळ्याला राहिले. एका आईचे तीन मुलगे असे देशाला मिळाले, असं आपण अभिमानानं म्हणतो. त्या घरात नंतर एकही सून आली नाही, हेही त्यातच आलं.

ऑक्टोबर १९१८. इन्फ्लुएंझाची साथ. त्या साथीनं हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसं नेली, आणि मुंबई इलाख्यात ऑक्टोबर महिना सर्वांत वाईट होता. बडोद्याच्या घरात आजार शिरला. गांधीजींनी विनोबांना घरी जायला लावलं. रुक्मिणीबाई वाचल्या नाहीत. अंत्यसंस्कार भटजींच्या हातून नकोत, मी स्वतः करीन, असा विनोबांचा आग्रह होता. तो घरात मानला गेला नाही, तेव्हा ते स्मशानात गेलेच नाहीत, घरीच राहिले.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला राग आला होता. आईपेक्षा तत्त्व मोठं? माझी आई गेली तेव्हा मी मुंबईला होतो. निरोप मिळाल्याबरोबर निघालो, पण वाटेत वाहनांच्या रांगेत तासन्‌तास अडकलो. आमच्यात मयत फार वेळ ठेवत नाहीत. मी पोचलो तेव्हा लोक कबरस्तानातून परतत होते, कोणाच्या हाताला अजून माती होती. ज्याला पोचता आलं नाही त्याला, जवळ असून न गेलेल्याचा राग येणारच. आता तो राग राहिला नाही, पण ती गोष्ट अजून मला सोपीही झालेली नाही. विनोबांनी आईची एक साडी आणि अन्नपूर्णेची मूर्ती आठवण म्हणून जवळ ठेवली होती. साडी कित्येक वर्षं उशाला घेत. पुढे खादीचं व्रत घेतल्यावर, ती खादीची नाही म्हणून, साबरमतीच्या पाण्यात सोडून दिली. तत्त्व इथंही सुटलं नाही. पण तोवर ती उशाला होती.

आता गीताई. बडोद्याला रुक्मिणीबाई गीतेच्या प्रवचनाला जात. संस्कृत श्लोक कळत नाहीत, मराठी गीता आणून दे, म्हणून त्यांनी मुलाला सांगितलं. मुलानं वामनपंडितांची समश्लोकी आणून दिली. तीही त्यांना अवघड गेली. सोपी कुठे मिळत नाही म्हटल्यावर त्या म्हणाल्या, मग तूच का लिहीत नाहीस? मुलगा तेव्हा विशीचा. हे होईल असा विश्वास आईला होता, त्याला स्वतःला होता की नाही कोण जाणे. लिहायला सुरुवात झाली ती ७ ऑक्टोबर १९३० ला, वर्ध्याला. पुरी झाली ६ फेब्रुवारी १९३१ ला. जिच्यासाठी लिहायची होती तिला जाऊन बारा वर्षं होऊन गेली होती. लाखो मराठी माणसांनी नंतर ती वाचली, वर्ध्याच्या गीताई मंदिरात ती शिळांवर कोरलेली आहे. मागणी मात्र एका वाचकाची होती, आणि तो वाचक वाट बघून निघून गेला.

१९३२ साली विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते. दर रविवारी एक, अशी गीतेवर अठरा प्रवचनं त्यांनी कैद्यांसमोर दिली. ती उतरवून घेणारे कैदी होते साने गुरुजी. त्यांची आईही कोकणातली, पालगडची. यशोदाबाई १९१७ साली गेल्या, म्हणजे रुक्मिणीबाईंच्या आधी एक वर्ष. आणि पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १९३३ मध्ये, नाशिकच्या तुरुंगात साने गुरुजींनी 'श्यामची आई' लिहिली. धुळ्याच्या कोठडीत त्या दोघांमध्ये आपापल्या आयांविषयी काही बोलणं झालं असेल का, याची मी पुष्कळदा कल्पना करतो. कवीला तेवढी सवलत असावी. दोघांनाही आई असताना तिच्यासाठी फार काही करता आलं नव्हतं. दोघांनाही तुरुंगाबाहेर इतकी कामं होती, की बसून तिची आठवण काढायला भिंतींच्या आतच उसंत मिळाली असेल.

विनोबा पुढे कुराणही शिकले. मुळातून वाचता यावं म्हणून अरबी शिकले, आणि निवडक आयतींचा 'कुराण-सार' तयार केला. माझ्या कपाटात गीताईच्या त्या बक्षिसाच्या प्रतीशेजारी तो आहे. रुक्मिणीबाईंच्या दाराशी एकदा धट्टाकट्टा भिकारी आला असताना विन्यानं हरकत घेतली होती, की असल्यांना देऊ नये. तेव्हा आई म्हणाली होती, पात्र कोण आणि अपात्र कोण हे ठरवणारे आपण कोण? दाराशी आलेला देव समजायचा. दुसऱ्याचा ग्रंथ असा दाराशी आलेल्या पाहुण्यासारखा घरात घेणाऱ्या मुलाची ही आई. आमच्या आईला हे सांगायला हवं होतं. नाव विचारलं होतं तिनं.

हे भाषण लिहून झाल्यावर मी आपाला फोनवर वाचून दाखवलं. ती डोलवीपासून जवळच असते. तिनं शेवटपर्यंत ऐकलं, मधे एकदा दार वाजलं म्हणून थांबवलं, पुन्हा ऐकलं. म्हटलं, कसं वाटलं? म्हणाली, "विनोबांच्या आईचं चांगलं लिहिलंस. पण आपल्या आईच्या डोक्यावर एक हंडा म्हणालास. एक नव्हता रे. डोक्यावर दोन आणि कमरेवर एक. तीन."

वर आता तीन केले आहेत.